बालकांची इजा आणि उत्पादकाचे दायित्व

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीला लागून लग्गेरे नावाची वस्ती आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्या स्त्रियांची कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. त्यांपैकी एक कुटुंब बिदर जिल्ह्यातील औरादकडून आलेले, घरात मराठी बोलणारे आहे. आई कारखान्यात, वडील मालवाहू रिक्षावर, आणि घरी आजी. गेल्या वर्षी या घरातील तीन वर्षांच्या मुलाने गाणे म्हणणाऱ्या एका खेळण्यातील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली. खेळणे नव्वद रुपयांचे. मागचे झाकण स्क्रूने बसवलेले नव्हते, नुसते दाबून बसवलेले होते. असली बॅटरी अन्ननलिकेत अडकली म्हणजे विद्युतप्रवाहामुळे भोवतालचे मांस दोन तासांत भाजू लागते. पोराला काय झाले हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली होती. मूल वाचले, पण अन्ननलिका आक्रसली आहे. ती रुंद करण्यासाठी त्याला पुनःपुन्हा रुग्णालयात न्यावे लागते आणि प्रत्येक वेळी आईचा एक दिवसाचा पगार बुडतो.

या घरी मी गेलो तेव्हा साहजिकच पहिल्यांदा खेळण्याविषयी विचारले. आजी म्हणाली, "त्या मेल्याला घरात कशाला ठेवू? दुसऱ्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत टाकलं." आईने विचारले, "भाऊ, कायदा आहे म्हणता, मग तो लावायचा कोणावर?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तरासाठी आहे.

भाषांतराचे काम करणाऱ्याला शब्दांपाशी अडखळण्याची सवय असते, म्हणून आरंभी एका शब्दाविषयी. कायद्याच्या मराठी पाठात 'सदोष उत्पादन' असा प्रयोग येतो. मराठीत 'दोष' हा शब्द वस्तूलाही लागतो आणि माणसालाही. यंत्रात दोष असतो, तसाच दोष माणसाच्या माथी येतो. लग्गेरेच्या त्या चाळीत, रुग्णालयातील नोंदणीच्या खिडकीपाशी, नातेवाइकांत, सर्वत्र एकच प्रश्न विचारला गेला: आईचे लक्ष कोठे होते? ती दहा तास दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे शिवत होती, हे उत्तर कोणी ऐकून घेतले नाही. वस्तूचा दोष आईच्या पदरात टाकण्याची ही समाजाची सवय उत्पादकाला फार सोयीची आहे. न्यायासनासमोर त्याचा वकील नेमके हेच बोलतो, फक्त कायद्याच्या भाषेत. वस्तूचा गैरवापर झाला, तो म्हणतो. वस्तुतः लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते हे खेळण्यांचे मानक ठरवणाऱ्यांनी गृहीतच धरलेले आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, असा दंडक त्यासाठीच आहे. बॅटरीचे झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, हाही त्याच जातीचा. तेव्हा मुलाने तोंडात घालणे हा गैरवापर नव्हे. तो वापरच आहे.

आता कायदा. १९८६ पूर्वी अशा आईपुढे एकच वाट होती. दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरायचे आणि उत्पादकाचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करायचा. १९३० चा माल विक्री कायदा विकणारा आणि विकत घेणारा यांच्यापुरता. मुलाने काही विकत घेतलेले नसते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. त्यानंतर दोन वर्षांत ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा आला आणि त्याच सुमारास दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांच्या निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले. पण हे तत्त्व कारखान्याच्या भिंतीपाशी थांबले. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाचे काय, याला स्वतंत्र प्रकरण मिळण्यास २०१९ उजाडले. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चे सहावे प्रकरण, कलमे ८२ ते ८७, हे उत्पादन दायित्वाचे प्रकरण होय. ते जुलै २०२० पासून अमलात आहे.

या प्रकरणात कामगार कुटुंबाच्या हाती पडण्यासारखे बरेच काही आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे असा माझा अनुभव आहे. पैसे देऊन वस्तू घेणारा जसा ग्राहक, तसाच त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक. म्हणजे मूल स्वतः ग्राहक ठरते आणि त्याच्या वतीने आई, वडील वा पालक तक्रार करू शकतात. दिल्लीच्या एका रुग्णालयात चुकीच्या इंजेक्शनामुळे एका बालकाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच हे स्पष्ट केले की बालक आणि आईबाप हे दोघेही ग्राहक असून दोघांची भरपाई वेगळी. बालकाला साडेबारा लाख आणि आईबापांना पाच लाख रुपये कायम झाले.

कलम ८४ उत्पादकाविषयी आहे. वस्तू बनवताना राहिलेला दोष, मूळ रचनेतला दोष, ठरवून दिलेल्या मानकापासून फारकत, दिलेल्या हमीचा भंग आणि वापराच्या पुरेशा सूचना वा इशारे नसणे, यांपैकी एक दाखवले की पुरे. मालक बेफिकीर होता हे वेगळे सिद्ध करण्याचे ओझे या कलमाने तक्रारदारावर टाकलेले नाही. यांतील शेवटच्या मुद्द्याकडे मी भाषांतरकार म्हणून विशेष लक्ष वेधतो. बंगळूरच्या बाजारातील खेळण्यांच्या खोक्यांवर इशारा असलाच तर तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. औरादच्या बाईला मराठी आणि कन्नड वाचता येते, इंग्रजी नाही. जिला विकायचे तिला न कळणारा इशारा हा पुरेसा इशारा कसा? हा युक्तिवाद आयोगांपुढे आग्रहाने मांडला गेला पाहिजे. कानडी, मराठी वा हिंदी पट्टीचा खर्च कारखानदाराला खोक्यामागे काही पैशांचा येईल.

"लावायचा कोणावर" याचे उत्तर कलम ८६ मध्ये आहे. उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा तो भारतीय कायद्याच्या टप्प्याबाहेर असेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर ज्याने वस्तू विकली तो दुकानदार उत्तरदायी. आपल्या गल्लीतील छोट्या दुकानदाराला यात भरडायचे काय, असा प्रश्न काही साथी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु या कलमाचा खरा उपयोग असा की दुकानदारावर नोटीस गेली म्हणजे तो घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, घाऊक व्यापारी आयातदाराचे, आणि निनावी माल हळूहळू नावाचा होतो. बिल न देणे हीदेखील या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यामुळे "पावती आहे का?" असे दरडावणाऱ्याला उलट विचारता येते की पावती दिली का नाही.

दावा कोठे लावायचा हे आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाख रुपयांपर्यंत मोजलेली किंमत असेल तर जिल्हा आयोग. या तरतुदीवर पुष्कळ टीका झाली, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती वैध ठरवली. माझ्या मते आपल्या लोकांना ती फायद्याची आहे. नव्वद रुपयांच्या खेळण्यासाठी पन्नास लाखांची भरपाई मागितली तरी तक्रार आपल्याच जिल्ह्यात राहते आणि शुल्क शून्य. तक्रार राहत्या वा कामाच्या ठिकाणच्या आयोगातही करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि विरुद्ध पक्षाला अपील करायचे असल्यास निम्मी रक्कम आधी भरावी लागते. बंगळूरमध्ये यांपैकी काही आयोग शांतिनगरच्या बस स्थानकाच्या इमारतीत बसतात. पीण्याहून जाण्यास दोन बस बदलाव्या लागतात, एवढेच.

मग अडते कोठे? अडते पुराव्यापाशी. वस्तू सदोष आहे हे प्रयोगशाळेने सांगावे लागते. आयोग नमुना तपासणीस पाठवू शकतो, परंतु तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावे असे तो सांगू शकतो. कायद्यात तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात आयोगांवरील अध्यक्ष व सदस्यांच्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून प्रकरण दाखल करून घ्यावे लागले. कागदावर न्याय स्वस्त आणि जलद आहे. ज्या खुर्चीवर बसून तो द्यायचा ती खुर्ची भरायला सरकारला सवड नाही.

खेळण्यांपुरते बोलायचे तर दंडक कडक झाले आहेत. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वी भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातील बाजारातून घेतलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश खेळणी सुरक्षेच्या कसोटीत नापास झाली होती. आदेशानंतरही जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने बड्या शहरांतील विमानतळांवर आणि मॉलमध्ये धाडी घालून चिन्हाविना विकली जाणारी १८,६०० खेळणी जप्त केली. म्हणजे हा प्रकार केवळ पदपथावरच्या गाडीवर चालतो असे नव्हे. संकेतस्थळांवरून विकणाऱ्या कंपन्या तर "आम्ही केवळ मध्यस्थ" असे म्हणून हात झटकत आल्या आहेत. या पवित्र्याला पहिला तडा खेळण्याने नव्हे, प्रेशर कुकरने दिला. मानकचिन्ह नसलेले २,२६५ कुकर विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि माल परत घेण्यास सांगितले. त्या विक्रीवर कंपनीने सहा लाखांहून अधिक दलाली मिळवली होती. सहा लाख मिळवून एक लाख दंड! हे गणित व्यापाऱ्याला कोणत्या बाजूने शिकवते हे सांगण्याची गरज नाही.

भारतीय मानक ब्युरो अधिनियम २०१६ मध्ये आणखी एक विसरले गेलेले कलम आहे, ३१ वे. वस्तूवर मानकचिन्ह आहे, पण वस्तू मानकाप्रमाणे नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर ब्युरो भरपाईचा आदेश देऊ शकतो. चिन्ह पाहून विश्वासाने घेतलेल्या वस्तूसाठी ही वाट मोकळी आहे.

भरपाई किती, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो, पण त्यात वर्गाचा प्रश्न दडलेला आहे. तीन वर्षांच्या मुलाचे उत्पन्न ते काय धरणार? पूर्वी न्यायालये मुलांसाठी वर्षाची एक नाममात्र रक्कम धरत. २०२० मध्ये मोटार अपघातात कायमची अपंग झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत नाकारली आणि कुशल कामगाराचे त्या राज्यातील किमान वेतन हा आधार धरला. ग्राहक आयोगांपुढेही हाच आधार मागता येईल. याचा अर्थ नीट पाहावा. बंगळूरच्या कपडे कामगार स्त्रिया किमान वेतन वाढावे म्हणून जेव्हा कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या राहतात, तेव्हा त्या नकळत आपल्या मुलांच्या हातापायांची, डोळ्यांची कायद्यातली किंमतही ठरवत असतात. किमान वेतन ज्या राज्यात कमी, त्या राज्यात जखमी मूलही स्वस्त.

महाराष्ट्रातील एक प्रकरण येथे सांगितले पाहिजे, कारण ते दोन्ही बाजूंनी बोध देणारे आहे. मुंबईच्या मुलुंड येथील जॉन्सन अँड जॉन्सनच्या कारखान्यात बनलेल्या बाळपावडरीचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये पुणे व नाशिक येथून घेतले. पावडरीचा आम्ल-अल्कली गुणांक बालकांच्या त्वचेसाठीच्या मर्यादेबाहेर आहे, असा अहवाल आला. परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नव्याने घेतलेले नमुने तपासून घेतले, ते मर्यादेत आढळले, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशासनाचे आदेश रद्द झाले. न्यायालयाने प्रशासनाच्या विलंबावर ठपका ठेवला. या निकालावरून कंपनीला दोषी म्हणता येणार नाही आणि आपण तसे म्हणूही नये. पण २०१८ च्या ज्या डब्यांविषयी शंका होती ते डबे २०२२ पर्यंत कधीच रिकामे होऊन गेले होते. तपासणी चार वर्षे रेंगाळली तर निर्दोष कंपनीला निर्दोषपणा लवकर सिद्ध करता येत नाही आणि दोषी कंपनीला शिक्षा होत नाही. हे पाप कोणा एका अधिकाऱ्याचे नव्हे. निरीक्षकांची पदे आणि प्रयोगशाळा ज्या अर्थसंकल्पात कापल्या जातात, त्या अर्थसंकल्पाचे ते आहे.

औषधांच्या बाबतीत हीच दिरंगाई जीव घेते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध नियंत्रण यंत्रणेतील संगनमताची लक्तरे वेशीवर टांगली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी, तेच विष छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघाले. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात ते ४८.६ टक्के होते. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक बालके गेली. त्यांपैकी अनेकांना आईबापांनी रात्रीच्या प्रवासाने नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. अशा मृत्यूंसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ती तशीच आहे. तथापि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, ज्यात मृत्यू वा गंभीर इजा झालेली नाही अशा दर्जाहीन औषधाचा गुन्हा पैसे भरून मिटवण्याजोगा केला, हे विसरता येत नाही. मृत्यूच्या आधी दर्जाहीनताच येत असते.

सरकारवरही दायित्व येते काय? येते. जम्मूमधील रामनगर येथे २०१९-२० च्या हिवाळ्यात अशाच औषधाने मुले दगावली, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने औषध नियंत्रण विभागाच्या हलगर्जीबद्दल प्रत्येक कुटुंबाला तीन लाख रुपये देण्यास प्रशासनाला सांगितले. प्रशासन त्याविरुद्ध उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याला यश आले नाही. तीन लाख ही रक्कम क्षुल्लक आहे, पण तत्त्व क्षुल्लक नाही. लातूरसारख्या घटनांत तर हीच एक वाट उरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील तावरजा कॉलनीत फुगेवाल्याच्या गॅसच्या टाकीचा स्फोट झाला, दहाहून अधिक मुले जखमी झाली, आणि फुगेवाला स्वतः जागीच ठार झाला. त्याच्या विधवेकडून भरपाई मागणार कोण? ज्यांनी ती टाकी बाजारात फिरू दिली, त्यांनाच विचारले पाहिजे.

काही इजांना तर अपघाताची तारीखही नसते. शिशाची बाधा अशी आहे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी या विषयासाठी आयुष्य वेचले. १९९० च्या दशकाअखेरीस येथील जॉर्ज फाउंडेशनने केलेल्या सात शहरांच्या पाहणीत सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात शिसे तेव्हाच्या मर्यादेबाहेर आढळले होते. घरगुती रंगांतील शिशावर ९० भाग प्रतिदशलक्ष ही मर्यादा येण्यास २०१७ चा नोव्हेंबर लागला. मुलाची बुद्धी कोणत्या खेळण्याच्या, कोणत्या भिंतीच्या रंगाने मंदावली हे कोणता बाप सिद्ध करणार? येथे दावा उपयोगी नाही. कारखान्यातच रोखणे हाच उपाय. आणि हा उपाय परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी बंगळूरहून साठ किलोमीटरवरच्या चन्नपट्टणला जाऊन यावे. तेथील कारागीर हालेच्या पांढऱ्या लाकडावर लाखेचे रंग पिढ्यान्‌पिढ्या चढवीत आहेत. आपल्या सावंतवाडीसारखेच ते गाव. भौगोलिक निर्देशन मिळालेल्या अशा नोंदणीकृत कारागिरांना मानकचिन्हाच्या सक्तीतून २०२० च्या अखेरीस सूट मिळाली, ते योग्यच झाले. कामगाराच्या घरी मात्र हे खेळणे क्वचित पोहोचते. तिथे नव्वद रुपयांचे प्लास्टिक पोहोचते.

शाखांतील साथींनी तीन गोष्टी मनात पक्क्या ठेवाव्यात. वस्तू फेकू द्यायची नाही. तुकडे, खोके, सगळे पिशवीत बांधून ठेवायचे. रुग्णालयात इजा कशाने झाली हे कागदावर लिहून घ्यायचे. आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत चुकवायची नाही. दिवाणी दाव्यात अल्पवयीनाची मुदत तो सज्ञान झाल्यावर सुरू होते, पण तेवढ्या भरवशावर पंधरा वर्षे थांबणे म्हणजे पुरावा मातीत घालणे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्री, बालक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लग्गेरेच्या त्या घरात ही तिन्ही माणसे आहेत.

आजीने फेकलेले खेळणे परत मिळणार नव्हते. पण दुकान आईला आठवत होते. मागच्या रविवारी युनियनमधील दोन बाया साक्षीला घेऊन ती तेथे गेली. तेच खेळणे, तेच दाबून बसवलेले झाकण, फळीवर ओळीने मांडलेले होते. तिने एक घेतले आणि या वेळी बिल मागितले. दुकानदाराने कुरकुर केली, मग लिहून दिले. ते खेळणे खोक्यासह, न उघडता, एच. सिद्धय्या रस्त्यावरील न्याय देगुलमध्ये विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे दिले आहे. मुदत संपायला अद्याप सात महिने आहेत.